आत्याचं सहा महिन्यांचं इंजेक्शन, अर्थात अँटिबॉडी शरीरात टिकते कशी?

तिरफळ
रविवार, रात्री १०:४२

परवा आत्याला इंजेक्शनसाठी नेलं होतं. वय ७१, मुक्काम सदाशिव पेठ, हाडं ठिसूळ, म्हणून दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅब या अँटिबॉडीची एक टोचणी. कर्वे रोडवरच्या मेडिकलमधून बर्फाच्या पिशवीसकट डबा घेतला, रिक्षात बसलो. आत्याने डबा मांडीवर धरला आणि म्हणाली, "क्रोसिन सहा तासांत उतरते, बीपीची गोळी रोज घ्यावी लागते. हे एवढंसं पाणी सहा महिने कसं पुरतं रे? आत लोणच्यासारखं मुरत बसतं की काय?"

मी चौदा वर्षं अँटिबॉडी शुद्ध करायचंच काम करतोय आणि अलका चौकाचा सिग्नल सुटेपर्यंत मला धड उत्तर देता आलं नाही. "प्रोटीन आहे ना ते, म्हणून," असं काहीतरी पुटपुटलो. आत्या म्हणाली, "अंडंही प्रोटीनच आहे." विषय संपला.

म्हणून हा धागा. तिला सांगता आलं नाही ते इथे लिहितो, चुकलं तर कान पकडा.

इन्सुलिन रक्तात काही मिनिटं टिकतं. बरीचशी प्रथिनं तासांत, फार तर दिवसांत मोडीत निघतात. आयजीजी जातीची अँटिबॉडी मात्र निम्मी व्हायला सरासरी २१ दिवस घेते. ती काही फार टणक असते असं नाही. तिला मोडीतून परत आणणारं कोणीतरी आहे.

रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी भोवतीचा द्रव सतत घोट घोट पीत असतात, निवड न करता. सकाळी सोसायटीत घंटागाडी येते तसं समजा. सगळं एकाच बादलीत पडतं आणि डेपोकडे निघतं. पेशीतला डेपो म्हणजे लायसोसोम, तिथे गेलेलं परत येत नाही. पण वाटेत 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई असतात, त्या कामाची वस्तू नेमकी उचलून बाजूला काढतात. पेशीतल्या ताई म्हणजे एफसीआरएन नावाचं प्रथिन. त्या उचलतात मुख्यतः दोनच गोष्टी, आयजीजी आणि अल्ब्युमिन.

आता त्या धरतात कशा आणि सोडतात कशा, ही खरी मजा. गिळलेल्या द्रवाच्या पिशवीत पीएच ६ च्या आसपास उतरतो. अँटिबॉडी इंग्रजी वाय अक्षरासारखी असते, वर दोन हात आणि खाली शेपटी. तेवढ्या आम्लात त्या शेपटीवरच्या हिस्टिडीन या अमिनो आम्लावर धन भार चढतो आणि शेपटी एफसीआरएनला चिकटते. पिशवी परत पेशीच्या काठाला लागते, तिथे रक्ताचा पीएच ७.४. भार उतरतो, पकड सुटते, अँटिबॉडी पुन्हा रक्तात. असं दिवसेंदिवस चालतं.

यातलं अर्धं मी रोज डोळ्यांनी बघतो आणि कधी जोडून पाहिलं नव्हतं. आमच्याकडे अँटिबॉडी वेगळी करायला प्रोटीन ए चा कॉलम असतो, म्हणजे अँटिबॉडी धरून ठेवणाऱ्या प्रथिनाने भरलेली नळी. प्रोटीन ए शेपटीवर जवळजवळ त्याच जागी चिकटतं, फक्त रीत उलटी. साध्या पीएचला धरतं, आम्ल सोडलं की सोडतं. आम्लातून उतरणारी अँटिबॉडी ज्या नळ्यांत घ्यायची, त्यांत ट्रिसचे थेंब आधीच टाकून ठेवायचे असतात, आम्ल लगेच मारायला. नवीन होतो तेव्हा एकदा विसरलो. बारा नळ्या, नितळ पाण्यासारख्या. जेवून आलो तर प्रत्येकीत फाटलेल्या दुधासारखे तंतू. साहेबांनी एक नळी उजेडात धरली, हलवली, परत ठेवली, काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

बाणेरची_चढण
रविवार, रात्री ११:१५

भारी. म्हणजे ताईंच्या हाताला जास्त डिंक लावला की औषध वर्षभर पुरेल? आयटीवाल्याचा प्रश्न आहे, हसू नका.

तिरफळ
रविवार, रात्री ११:५८

हसत नाही, अगदी हेच करतात. डिंक ताईंच्या हाताला लावता येत नाही, अँटिबॉडीच्या शेपटीला लावतात. आणि अट अशी की तो आम्लातच चिकटला पाहिजे. ७.४ लाही चिकटून राहिला तर अँटिबॉडी काठावर येऊन सुटणारच नाही, परत आत ओढली जाईल. नुसती पकड घट्ट करून भागत नाही, सुटणंही तितकंच वेळेवर लागतं.

सगळ्यांत गाजलेला बदल वायटीई. शेपटीतली २५२, २५४ आणि २५६ या क्रमांकांची तीन अमिनो आम्लं बदलायची. पीएच ६ ला पकड साधारण दहापट घट्ट होते, ७.४ ला सुटते. माकडांमध्ये अर्धायुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा वेळ, जवळपास चौपट झालं. साडेतेराशेच्या आसपास अमिनो आम्लांचा एवढा मोठा रेणू आणि फरक दोन्ही बाजूंना तीन-तीन अक्षरांचा.

प्रत्यक्षातलं उदाहरण देतो. आरएसव्ही हा तान्ह्या बाळांच्या छातीत कफ भरवणारा विषाणू. त्यावर १९९८ मध्ये पालिविझुमॅब आलं, पण अर्धायुष्य नेहमीचंच, त्यामुळे त्या हंगामात दर महिन्याला एक अशा पाच टोचण्या. नंतर आलेल्या नीरसेविमॅबमध्ये वायटीई बसवलंय. अर्धायुष्य सुमारे ७१ दिवस, एका टोचणीत पाच महिने निघतात. युरोपात २०२२ साली परवानगी, अमेरिकेत २०२३.

फुकट मात्र काही मिळत नाही. वायटीईमुळे शेपटीची दुसरी एक पकड सैल पडते, मारेकरी पेशींना बोलावून घेणारी. विषाणूला नुसतं अडवून धरायचं असेल तर चालतं. कॅन्सरची पेशी मारायची असेल तर नाही चालत.

दिवेलागण
सोमवार, सकाळी ७:२०

रात्रपाळी संपवून बसथांब्यावर वाचतेय. मी नवजात बालकांच्या विभागात नर्स आहे.

तिरफळदादा, तुमच्या ताईंची बदली आमच्याकडेही असते हे लिहायचं राहिलं. वारेमध्ये हाच एफसीआरएन आईची आयजीजी उचलून बाळाकडे नेतो. त्यातला मोठा वाटा शेवटच्या तीन महिन्यांत जातो. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात आयजीजी आईइतकी, कधी आईपेक्षा थोडी जास्तही असते. आमच्याकडे २८-३० आठवड्यांची बाळं येतात, ती ही शिदोरी न घेताच येतात. लोक आम्हाला विचारतात, एवढं हात धुवायचं काय अवडंबर. त्याचं हे एक कारण.

नावातलं शेवटचं 'एन' नवजाताचंच आहे. ब्रँबेल नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात अंदाज बांधला होता की आईकडून पिल्लाकडे नेणारा आणि मोठ्यांच्या रक्तात अँटिबॉडी वाचवणारा हमाल एकच असावा. रेणू हाती लागायच्या कितीतरी आधी. नर्सिंगला असताना आमच्या बाईंनी सांगितलं होतं, तेव्हा डोक्यावरून गेलं होतं.

याची दुसरी बाजूही बघितली आहे. आईला सांधेदुखीसाठी किंवा आतड्याच्या आजारासाठी इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब चालू असेल तर तेही आयजीजीच. हमाल औषध आणि शिदोरी यात फरक करत नाही. बाळाच्या अंगात ते महिनोन्महिने राहतं आणि प्रतिकारशक्ती दाबून ठेवतं. आणि आपल्याकडे जन्मल्याबरोबर बीसीजी! जिवंत लस. अशा बाळाला बीसीजी दिल्यावर तो जंतू अंगभर पसरून बाळ दगावल्याची नोंद २०१० सालची आहे. म्हणून गरोदरपणात असं कुठलंही इंजेक्शन घेतलं असेल तर प्रसूतीच्या वेळी स्वतःहून सांगा, फाइलमध्ये असेलच असं धरून चालू नका. एकीच्या बाबतीत आजीने सहज बोलता बोलता सांगितलं म्हणून कळलं, बीसीजीची सुई तोवर भरून ठेवली होती.

सर्टोलिझुमॅब म्हणून एक आहे, त्याला शेपटीच नाही. मग हमाल त्याला उचलत नाही, बाळापर्यंत जवळजवळ पोचत नाही. आमच्या डॉक्टर गरोदर बायकांसाठी त्याचं नाव घेतात ते यामुळे.

तिरफळ
सोमवार, सकाळी ९:०५

दिवेलागण, दंडवत. शेपटी नसूनही ते दोन आठवड्यांच्या घरात टिकतं, कारण त्याला पेग नावाच्या पॉलिमरचा झगा घातलाय. त्यामुळे रेणू फुगतो आणि मूत्रपिंडातून गळत नाही. टिकवायची ही अगदी वेगळी तऱ्हा.

खडूस_म्हातारा
सोमवार, दुपारी १:३०

लेख बरा आहे. शीर्षक चूक आहे.

डेनोसुमॅबचं अर्धायुष्य साधारण २५ दिवस. त्यात वायटीई नाही, काही नाही. सहा महिने म्हणजे सात अर्धायुष्यं. ६० मिलिग्रॅम सात वेळा निम्मं करा, अर्धा मिलिग्रॅमही उरत नाही. तेव्हा आत्याचं इंजेक्शन सहा महिने पुरतं ते तुमच्या ताईंमुळे नव्हे. ते ज्या रेणूला पकडतं त्याच्यावरची पकड इतकी घट्ट की चिमूटभर उरलं तरी काम भागतं, आणि हाड पोखरणाऱ्या पेशी नव्याने तयार व्हायलाही वेळ लागतो. औषध किती दिवस अंगात आहे आणि परिणाम किती दिवस आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चौदा वर्षं काम करणाऱ्याने हे घोटाळू नये.

तुमच्या आत्याबाईंचा लोणच्याचा प्रश्न मात्र तुमच्या उत्तरापेक्षा हुशार होता. हाडांचीच दुसरी औषधं, अलेंड्रोनेट, झोलेड्रोनेट, ही खरोखर हाडात मुरतात आणि वर्षानुवर्षं राहतात. डेनोसुमॅब मुरत नाही. म्हणून त्याची तारीख चुकवायची नसते. महिना-दोन महिने लांबलं की दबलेल्या पेशी एकदम उसळतात आणि मणके मोडू शकतात, एक नव्हे, एकाच वेळी दोन-तीन. आमच्या हिच्या बाबतीत एका दवाखान्याने "या महिन्यात माल नाही, पुढच्या महिन्यात बघू" असं सांगितलं होतं. मी तिथेच उभा राहून दुसरीकडे फोन लावले. भांडलो असं लोक म्हणतात, म्हणोत.

तिरफळ
सोमवार, दुपारी २:१०

काका, मान्य. उदाहरणच चुकीचं निवडलं. शीर्षक मुद्दाम बदलत नाही, नाहीतर तुमचा प्रतिसाद अधांतरी लटकेल.

बाणेरची_चढण
सोमवार, दुपारी २:१४

पुण्यात धाग्याच्या शीर्षकाचीही तपासणी होते, बाहेरगावच्यांनी नोंद घ्यावी.

घरटं
सोमवार, रात्री ९:३३

मी इथे फक्त वाचत असते, पण आज विचारायचंच आहे. माझ्या भावाला मायस्थेनिया ग्रॅव्हिस आहे, वय ३४. सुरुवात डाव्या पापणीपासून झाली. संध्याकाळी पापणी खाली यायची, सकाळी ठीक. एका नावाजलेल्या ठिकाणी तीन महिने चष्म्याचा नंबर बदलत बसले. शेवटी एक दिवस पोळीचा घास तोंडात तसाच राहिला, चावता येईना. तेव्हा निदान झालं. आता गोळ्या आहेत, स्टेरॉइड आहे, दोनदा आयव्हीआयजी (दात्यांच्या अँटिबॉडीचं सलाइन) झालं.

त्याच्या आजारात त्याच्याच अँटिबॉडी त्याच्या स्नायूंवर बसतात असं डॉक्टरांनी सांगितलं. मग तिरफळ, तुमच्या त्या ताई त्या वाईट अँटिबॉडीही उचलून ठेवत असतील ना?

तिरफळ
सोमवार, रात्री ११:४७

घरटं, तुमचा प्रश्न वाचून जेवण थांबवलं होतं. हो. त्यांना चांगली-वाईट कळत नाही. स्नायूंवर बसणारी ती अँटिबॉडीही आयजीजीच, तिलाही तेवढ्याच इमानाने परत आणतात.

आणि इथेच सगळा धागा उलटा फिरतो. मघाशी म्हटलं ना, ७.४ लाही घट्ट चिकटणारी शेपटी म्हणजे फसलेला डाव? टेक्सासमध्ये सॅली वॉर्ड यांच्या गटाने नेमकी तशी शेपटी मुद्दाम बनवली. त्यांनीच १९९७ मध्ये शेपटीचा तुकडा बदलून उंदरात जास्त टिकवून दाखवला होता, आणि २००५ मध्ये दुसरं टोक गाठलं. आम्लात आणि बाहेर, दोन्हीकडे एफसीआरएनला चिकटून बसणारी शेपटी. ती ताईंचे दोन्ही हात धरून ठेवते. मग बाकीच्या आयजीजीला उचलायला हात मोकळे नाहीत, त्या सरळ डेपोत. नवीन अँटिबॉडी बनणं थांबत नाही, पण जुन्यांचा साठा भराभर उतरतो.

त्यातून आलेलं औषध एफगार्टिजिमॉड. अख्खी अँटिबॉडी नाही, नुसती बदललेली शेपटी. गंमत बघा, त्यातले पहिले तीन बदल तेच वायटीईवाले आहेत. त्यात ४३३ आणि ४३४ असे आणखी दोन घातले की आयुष्य वाढवणारी शेपटी आयुष्य तोडणारी होते. मायस्थेनियासाठी अमेरिकेत डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली. आठवड्याला एक अशी चार सलाइनं, मग थांबून बघायचं. रक्तातली एकूण आयजीजी साधारण ६० टक्क्यांनी उतरते. अल्ब्युमिन उतरत नाही, कारण ते एफसीआरएनला वेगळ्या जागी चिकटतं. आयजीएम, आयजीए या अँटिबॉडीच्या दुसऱ्या जाती तर या वाटेने जातच नाहीत. औषध थांबवलं की काही आठवड्यांत आयजीजी परत वर येते, म्हणून फेऱ्या-फेऱ्यांनी देतात.

भावाला दिलेल्या आयव्हीआयजीचाही थोडा भाग याच तत्त्वाचा. हजारो लोकांची आयजीजी ओतून गर्दी केली की ताईंचे हात अपुरे पडतात आणि वाईट अँटिबॉडीही गर्दीत मागे राहतात. त्याचं काम याच एका वाटेने होतं असं नाही, पण ही एक वाट नक्की आहे.

त्याला हे योग्य आहे का, ते न्यूरॉलॉजिस्टच सांगू शकतील. त्याची अँटिबॉडी कुठल्या प्रकारची आली आहे ते रिपोर्टवर बघून ठेवा, तो प्रश्न आधी येईल. आणि आयजीजी उतरते म्हणजे जंतुसंसर्गाची काळजीही आली, तेही विचारा.

घरटं
मंगळवार, सकाळी ६:५०

रिपोर्ट काढला. अॅसिटिलकोलिन रिसेप्टर पॉझिटिव्ह लिहिलंय. शुक्रवारी अपॉइंटमेंट आहे. विचारते.

एसटी_स्टँड
मंगळवार, सकाळी १०:२२

जुन्नरकडचा आहे, तुमच्या गप्पांत घुसतो. आमच्याकडे महागडी औषधं नाहीत, सर्पदंशाची लस आहे. मागच्या पावसाळ्यात चुलत्यांना टोमॅटोच्या वाफ्यात घोणस चावली. सरकारी दवाखान्यात काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं ठेवलं, नळी तिरकी केली तर पाण्यासारखं वाहिलं. लस दिली, सहा तासांनी परत नळी, तेव्हा गोठलं. आम्ही सुटलो म्हणून चहा प्यायला गेलो. दुसऱ्या दिवशी परत गोठेना, परत लस. तीही अँटिबॉडीच ना? मग ती २१ दिवस का टिकली नाही?

तिरफळ
मंगळवार, दुपारी १२:४०

कारण तिची शेपटी कापलेली असते. ही लस घोड्याच्या रक्तातून येते. आपल्या पिंपरीला हाफकिनचे घोडे आहेतच. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांचं विष थोडं थोडं टोचून घोड्यात अँटिबॉडी बनवतात, मग पेप्सिन टाकून शेपटी तोडतात. पेप्सिन म्हणजे आपल्या पोटातलंच पाचक द्रव्य. घोड्याची शेपटी माणसाला देण्यात अर्थ नसतो, उलट रिअॅक्शन यायची भीती वाढते. उरतात दोन हात जोडलेले. विष ते पकडतात, पण एफसीआरएनला धरायला काही नाही, त्यामुळे काही दिवसांतच निघून जातात. एकच हात ठेवला तर तो आणखी लहान, मूत्रपिंडातून फारच लवकर गळतो. अमेरिकेत मेंढीपासून केलेलं तसलं औषध वापरतात, त्यात रक्त पुन्हा पातळ होण्याची तक्रार नोंदलेली आहे.

तुमच्या चुलत्यांचं मात्र दुसऱ्याच दिवशी झालं, ते बहुधा शेपटीमुळे नसावं. चावल्या जागी साठलेलं विष मागाहून झिरपत राहतं आणि पहिला डोस कमी पडतो. म्हणून तर पुन्हा पुन्हा नळी बघतात.

दिवेलागण
मंगळवार, दुपारी ३:०५

सगळीकडे जास्त टिकणं हवंच असं नाही, यावरून आठवलं. कुत्रा चावल्यावर जखमेत अँटिबॉडी भरतात. पूर्वी घोड्याची किंवा माणसाची असायची, आता पुण्यातल्याच सीरमची मोनोक्लोनल, म्हणजे एकाच साच्यातली, अँटिबॉडीही आहे. तिने लशीमुळे शरीराच्या स्वतःच्या अँटिबॉडी तयार होईपर्यंत, आठवडा-दोन आठवडे, किल्ला लढवायचा एवढंच. पालक विचारतात, ही आयुष्यभर पुरेल का? नाही हो, म्हणूनच लशीचे बाकीचे डोस चुकवू नका.

बाणेरची_चढण
मंगळवार, रात्री ८:१०

ऑफिसात दोघं जण आठवड्याला एक सेमाग्लुटाइड घेतात, वजनासाठी. तीही अँटिबॉडी का? एकाने दोन महिन्यांत पॅन्टचे दोन नंबर कमी केले, त्यामुळे वैयक्तिक रस आहे.

तिरफळ
मंगळवार, रात्री ८:५५

नाही, छोटासा पेप्टाइड. मूळ संप्रेरक रक्तात दोन मिनिटांत संपतं. त्याला चरबीच्या आम्लाची शेपूट लावली आहे, ती अल्ब्युमिनला चिकटते. अल्ब्युमिनला कोण वाचवतं? त्याच ताई. फुकट पासावर फिरतो लेकाचा. अर्धायुष्य आठवडाभर. पॅन्टचं तुमचं तुम्ही बघा.

खडूस_म्हातारा
बुधवार, सकाळी ८:००

एक राहिलं. आयजीजीचीच तिसरी जात, आयजीजी ३, सात दिवसांत निम्मी होते. कारण ४३५ व्या जागी हिस्टिडीनऐवजी आर्जिनिन. आणि तेच कारण घेऊन ती तुमच्या प्रोटीन ए कॉलमवरही बसत नाही. लेखात दोन्ही गोष्टी शेजारी असून हे लिहिलं नाहीत.

तिरफळ
बुधवार, सकाळी ८:४१

काका, तुम्ही नक्की काय करत होता निवृत्तीआधी?

खडूस_म्हातारा
बुधवार, सकाळी ८:४४

विषय तो नाही.

घरटं
शुक्रवार, रात्री १०:१९

जाऊन आलो. डॉक्टरांनी नाव ऐकून मान वर केली आणि कुठे वाचलंत विचारलं. आधी सध्याच्या औषधांचा डोस बदलून सहा आठवडे बघू म्हणाले, नाही जमलं तर त्या दिशेने जाऊ, खर्चाचंही बसून बोलू. एकूण आयजीजी किती आहे याची तपासणी लिहून दिली आहे. भाऊ येताना रिक्षात म्हणाला, माझ्या ताई फारच कामसू निघाल्या. किती दिवसांनी विनोद केला त्याने.

तिरफळ
शनिवार, सकाळी ९:३०

घरटं, आकडा आला की कळवा.

आत्याकडे जाऊन आलो. घंटागाडीची गोष्ट पूर्ण सांगितली, मग काकांची दुरुस्तीही सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे मुरत नाही. मग तारीख लिहून ठेव." स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पुढचं वर्ष नाही, म्हणून मागच्या कोऱ्या जागेत लिहिली, आणि खाली आणखी एक, पंधरा दिवस आधीची, दुकानात माल आहे का विचारायला.